दहा मैलांची अट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगावच्या पुढं पणदरे लागतं. ते माझं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ऊस, गळीत हंगामात बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग, आणि या सगळ्याला पाणी पाजणारा नीरा डावा कालवा. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणतो, ‘तुमचं बरंय, पाण्याचं गाव.’ आम्हीही मान डोलावतो. पण माझी आई, घरात आम्ही तिला अम्मा म्हणतो, ती मात्र दर वेळी पाहुण्याला ऐकवते, ‘पाण्याचं आत्ता झालं. आधी भुकेचं होतं. हा कॅनॉल उपाशी माणसांनी खांदलाय.’

हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं. लहानपणी मला वाटायचं, असेल काहीतरी बायकांच्या जात्यावरच्या गोष्टींतलं. पुढं बी.ए.ला इतिहास घेतला आणि पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर हाती आलं, तेव्हा कळलं की घरातल्या तीन पिढ्यांतल्या निरक्षर बायका जे सांगत होत्या ते अगदी बरोबर होतं. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरेच्या डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून हाती घेतलं गेलं. आपल्या तालुक्यातला शिर्सुफळचा तलाव, इंदापूरकडचा भादलवाडीचा तलाव, दौंड ते मनमाड हा लोहमार्ग, ही सगळी त्याच वर्षांतली भावंडं. भादलवाडीला हल्ली लोक पक्षी पाहायला जातात. पक्ष्यांखालचा बांध कोणी घातला हे सहसा कोणी विचारत नाही.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडत आला. माणूस उपाशी पडला की त्याच्या जवळचं जे सरकार, म्हणजे गावचा पाटील, तालुक्याचा मामलेदार, पुढं लोकल बोर्ड, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, त्यानं त्याच्यासाठी आजवर काय केलं? वाचता वाचता मी एक गोष्ट मोजायला शिकलो. मदत किती दिली हे तर पाहायचंच, पण मदत आणि माणूस यांच्यामध्ये अंतर किती ठेवलं, तेही पाहायचं.

जुन्या गावगाड्यापासून सुरुवात करतो. माझे आजोबा मुलाणी. खळ्यावर धान्य निघालं की सुतार, लोहार, न्हावी, परीट यांच्याबरोबर मुलाण्यालाही त्याचा वाटा मिळायचा. पुष्कळ लोक आज या बलुत्याबद्दल भरल्या गळ्यानं बोलतात, की पूर्वी गावात कोणी उपाशी राहत नव्हतं. माझ्या आजोबांचा अनुभव जरा वेगळा होता. वाटा मिळायचा हे खरं. पण खळ्यावर किती वेळ उभं राहायचं, कोणाच्या मागं उभं राहायचं, आणि सुपात पडलेलं निमूट घ्यायचं, हेही त्याबरोबर मिळायचं. ज्यांना वेशीच्या आत उभं राहता येत नव्हतं त्यांची गोष्ट तर माझ्या आजोबांच्याही पलीकडची. शिवाय खळंच रिकामं असेल त्या वर्षी वाटा कसला? बलुतं ही सुकाळातली व्यवस्था. दुष्काळात सगळ्यात आधी तीच मोडायची.

दुष्काळात धान्य असायचं ते सरकारी कोठारात, आणि तिथं प्रश्न यायचा अधिकाराचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेली आहे. बहामनी अमलातला हा अधिकारी. दुष्काळात लोकांचे हाल पाहवेनात म्हणून त्यानं सरकारी अंबारं खुली केली, बिदरच्या बादशहानं त्याला पकडून आणायला माणसं धाडली, आणि विठोबा विठू महाराच्या रूपानं जाऊन धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. पोरवयात मारुतीच्या देवळापुढं बसून ही गोष्ट ऐकताना मला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण गोष्टीतला रागावलेला बादशहा आमच्याकडचा. मोठेपणी कळलं की त्यातला पेच धर्माचा नाही, हिशेबाचा आहे. भुकेलेला माणूस समोर ज्याला दिसतो त्याच्या हातात किल्ली असते, पण किल्ली फिरवायचा हुकूम दूर बिदरला असतो. दामाजीपंतांनी हुकमाची वाट पाहिली नाही. पुढच्या काळातल्या मामलेदारांना आणि तहसीलदारांना ते जमलं नाही, आणि त्यांच्यासाठी पावती करायला विठोबाही आला नाही.

आता गोष्ट सोडून कागदाकडं येतो. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेलं पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलं परिचित आहे. त्याचा आशय असा, की सुभेदारानं स्वतः गावोगाव फिरावं, कुणबी गोळा करावेत, कोणाकडं माणसं किती, बैल किती, दाणे किती ते पाहावं. कष्ट करायची ताकद आहे पण बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, पोटाला दाणा नाही त्याला दाणा द्यावा, आणि पुढं त्याला ताकद येईल तशी, व्याज न लावता, नुसती मुद्दल वसूल करावी. या पत्राबद्दल बोलताना लोक महाराजांच्या दयाळूपणाबद्दल बोलतात. माझं लक्ष ‘गावोगाव फिरावं’ याकडं जातं. कुणब्यानं सुभ्याच्या ठिकाणी यायचं नाही, सुभेदारानं कुणब्याच्या दारी जायचं.

बरोबर दोनशे वर्षांनी, १८७६ साली, आमच्या भागात उलटं झालं.

ते सांगण्याआधी थोडं विलायतेकडं वळू, कारण आपले त्या वेळचे राज्यकर्ते तिथून कल्पना घेऊन आले होते. इंग्लंडमध्ये १६०१ पासून कायदाच होता की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावानं, आपले गरीब आपण पोसायचे. त्यासाठी गावकऱ्यांवर कर बसवायचा आणि देखरेखीला माणसं नेमायची. म्हणजे मदत गावातच होती. पण कर भरणारे कुरकुरू लागले की लोक फुकटे होतात, आळशी होतात. मग १८३४ मध्ये कायदा बदलला. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्यानं वर्कहाउसमध्ये येऊन राहावं, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही हलकं असावं, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, असं तत्त्व ठरलं. हिंदुस्थानात गरिबांसाठी गावावार कर बसवण्याचा असा कायदा झाला नाही. आपल्याकडं जमीन महसुलाच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड घेतला जाई. १८६९ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यात पक्का झाला. रस्ते, शाळा, धर्मशाळा यांवर तो खर्च व्हायचा. पोटाला अन्न देण्याची जबाबदारी त्यात नव्हती. म्हणजे विलायतेतली गावाची मदत आपल्याकडं आली नाही, पण मागणाऱ्याची परीक्षा घ्यायची, ही कल्पना मात्र जहाजातून आली.

आमच्या भागाचं तेव्हाचं नाव भीमथडी तालुका. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली, कर्जरोखे जाळले. तो दख्खनचा दंगा शाळेच्या पुस्तकात आहे. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. सावकारांनी हात आखडता घेतलेला, खळी रिकामी, आणि सरकार सोडून मागायला जागा उरली नाही.

सरकारनं कामं काढली, हे खरं. नाही काढली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ती कशी काढली? सुरुवातीला गावाजवळची छोटी कामं होती, तळ्यातला गाळ काढणं, रस्त्याला मुरूम टाकणं. माणूस सकाळी घरून भाकरी बांधून निघायचा आणि रात्री घरी यायचा. वरून पाहणाऱ्यांना हे फार सुखाचं वाटलं. व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीला पाठवलं, आणि १८७७ च्या सुरुवातीला नियम कडक झाले. मजुरी ठरली ती एक पौंड धान्याची किंमत आणि वर आणा-अर्धा आणा. पौंड म्हणजे आपला अर्धा किलोसुद्धा नाही. एवढ्यावर दिवसभर खणायचं. आणि त्यासोबत आली ती अंतराची कसोटी. धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचं नाही. त्यानं लांबच्या मोठ्या कामावर जावं, तिथल्या छावणीत राहावं. जो खरोखर मरायला टेकला आहे तो दहा मैल चालेल, आणि चालणार नाही तो गरजू नाही, असा तो हिशेब होता.

दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. पणदऱ्याहून बारामती त्यापेक्षा जवळ आहे. पोटात काही नसताना, पोर कडेवर घेऊन, म्हातारीला घरात एकटी सोडून एवढं चालायचं. घराला कुलूप लावण्याचा प्रश्न नव्हता, आत काही नव्हतंच; पण जी दोन जनावरं उरली असतील ती कोणाच्या भरवशावर ठेवायची? परीक्षा घेणाऱ्याला हे दिसत नसावं, किंवा तेच पाहायचं असावं.

लोकांनी मुकाट्यानं ऐकलं असं मात्र झालं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबई इलाख्यात हजारो दुष्काळी मजुरांनी कमी केलेली मजुरी घ्यायला नकार दिला आणि कामं सोडून ते उठून गेले. उपाशी माणसांचा संप! १८७० साली पुण्यात स्थापन झालेली सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी यांची, त्यांच्या बाजूनं उभी राहिली. सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडं निवेदनावर निवेदनं धाडली. मद्रास इलाख्यातले आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीही सांगितलं की एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस जगत नाही. पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी दुष्काळातल्या पोरक्या मुलांसाठी छावणी उघडली. तिथं पोराला कोणी विचारत नव्हतं की तू किती मैल चालून आलास.

आमचा कालवा या सगळ्यातून निघाला. वीरच्या बंधाऱ्यापासून पुरंदर, भीमथडी, इंदापूर अशी त्याची वाट. १८८० च्या दशकात पाणी वाहू लागलं, पुढं भाटघरचं धरण बांधून झालं, आणि काही वर्षांत या भागाचा रंग बदलला. सुरुवातीला इथले शेतकरी पाणी घ्यायला कचरत. पट्टी भरायची, खत आणायचं, एवढा पैसा कोणाजवळ होता? सासवडचे माळी बागायतदार आले, खंडानं जमिनी घेतल्या, ऊस आणि गूळ पिकवून दाखवला. पुढं साखर कारखाने आले. ते सगळं ठीकच झालं. मी स्वतः त्या उसाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत शिकलो. पण ज्यांनी तो खणला त्यांच्यात भूमिहीन किती असतील, त्यांना त्या पाण्यातलं काय मिळालं, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. मजुरी चुकती झाली की नाव हजेरीपटावरून खोडलं जातं.

त्या दुष्काळानं सरकारही हादरलं. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, १८८० मध्ये अहवाल आला, १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना निघाला आणि इलाख्याइलाख्यांनी आपापले फॅमिन कोड केले. वाचायला हे पुस्तक रुक्ष, पण माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या गरिबाच्या हिताचं पहिलं लेखी वचन त्यातच आहे. आधी कसोटीची कामं काढायची; तिथं गर्दी झाली की दुष्काळ खरा समजायचा. काम करता येत नाही अशा म्हाताऱ्या, आंधळ्या, पांगळ्या माणसांची यादी गावच्या पाटलानं करायची, वरच्या अधिकाऱ्यानं ती घरोघर जाऊन तपासायची आणि त्यांना फुकट दाणा द्यायचा. पडद्यातल्या बायकांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनाही घरी मदत पोचवायची, असंही त्यात होतं. म्हणजे पाटलाची यादी हा गरिबाचा दरवाजा झाला. यादीत नाव असेल तर दाणा दारात, नसेल तर काही नाही. पाटील कोणाचं नाव घेईल आणि कोणाचं विसरेल, हे गावाला न सांगता कळत होतं.

१८९६ साली पुन्हा पाऊस गेला तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी हेच पुस्तक हत्यारासारखं वापरलं. गावोगाव जाऊन लोकांना सांगितलं, की सारा तहकुबी आणि काम हे सरकारनंच कबूल केलेलं आहे, ते मागा. भीक मागण्यापेक्षा ते मागणं वेगळं होतं. पिकाची आणेवारी, जिची पुढं पैसेवारी झाली, तीही याच काळातली. पन्नास पैशांच्या खाली की दुष्काळ, असं शेतकऱ्याच्या तोंडी बसलेलं माप कित्येक वर्षं टिकलं. एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांच्यामध्ये किती घरं बसली असतील ते तलाठ्यालाच ठाऊक.

आता माझ्या स्वतःच्या आठवणीकडं येतो, म्हणजे अम्माच्या. १९७२ साली मी चार वर्षांचा होतो. वडील बाजारोबाजारी बांगड्या-मणी विकायचे. दुष्काळात बाजारच बसले. पोटाला नाही तिथं बांगड्या कोण भरणार? अम्माचं माहेर सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यात. तिथं कामं निघाली होती, म्हणून ती मला घेऊन माहेरी गेली. कालव्याच्या गावातून कोरड्या गावात, पोट भरायला! आज हे ऐकून लोक हसतात. पण ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला कालव्याचा काय उपयोग?

खडी फोडायचं काम होतं. मुकादम ब्रासवर मोजून घ्यायचा. बायका चिंध्या बांधून हात सांभाळायच्या, आणि डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर ओढून घ्यायच्या. मला आठवते ती फक्त सुकडी. कागदाच्या पुडक्यातली, किंचित गोड, घशाला चिकटणारी. मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीची चव मात्र आठवत नाही. अम्मा म्हणते, ते बरंच आहे. काम नानीच्या घरापासून दोन मैलांवर होतं. ‘सांजच्याला घरी,’ अम्मा आजही हे समाधानानं सांगते. तिच्या खापरपणजीला ही सोय नव्हती.

त्या दुष्काळात १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाऊस १८७६ सारखाच गेला होता, पण १८७६ सारखी माणसं मेली नाहीत. कामं सुचवायला, गावाजवळ आणायला १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या होत्या. शिवाय लोक गप्प बसत नव्हते. काम द्या म्हणून मोर्चे निघत होते. त्या कामांत वायाही खूप गेलं. खडीचे ढीग कित्येक वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते. आमच्याच तालुक्यात याआधी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ‘कासा’ या ख्रिस्ती संस्थेच्या मदतीनं कामाच्या बदल्यात गहू आणि तेल देऊन पाझर तलाव खणले गेले होते. त्या तलावांच्या खालच्या विहिरींना पाणी राहिलं. कामातून काय मागं राहतं, हा धडा तिथंच होता.

याच काळात आपल्या राज्यानं एक गोष्ट केली, जी देशात आधी कोणी केलेली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. त्यांनी तासगावकडं छोट्या प्रमाणावर करून पाहिलेली कल्पना रोजगार हमी योजना म्हणून १९७२ मध्ये राज्यभर आली. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळ असो नसो, काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. दुष्काळ जाहीर होण्याची, पैसेवारीची वाट पाहायची नाही. बाई आणि पुरुष यांना कामाप्रमाणं सारखाच दर. कामावर सावली, प्यायला पाणी, पोरांना सांभाळायला एक बाई. कसोटी माणसाची नव्हती, सरकारची होती.

आणि याचा पैसा कुठून आला? पगारदारांच्या व्यवसाय करातून, आणि बागायती जमिनीवरच्या उपकरातूनही. ज्या कालव्याला दुष्काळातल्या माणसांनी आकार दिला त्याच्या काठच्या उसानं शंभर वर्षांनी का होईना थोडं परत केलं, असं मला वाटलं होतं. कवीला असं वाटायला फार लागत नाही. प्रत्यक्षात कामं वेळेवर निघत नव्हती, मस्टरवर खोटी नावं चढत होती, मजुरी आठवडेच्या आठवडे अडकत होती. आमच्या भागातल्या मजुरांना हे सांगायला नको. तरीही पुढं २००५ साली संसदेनं देशासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला त्याचं माहेर महाराष्ट्रच. त्या कायद्यात एक कलम होतं, की काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावं, त्याहून लांब दिलं तर दहा टक्के मजुरी जास्त. ते वाचलं तेव्हा मी अम्माला वाचून दाखवलं. दहा मैल चाललात तरच मदत, इथपासून लांब चालवलं तर दंड आम्हाला, इथपर्यंत यायला सव्वाशे वर्षं लागली होती.

हे काम करू शकणाऱ्यांचं झालं. पाटलाच्या यादीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. आमच्या गल्लीत एक खाला राहते. नातं रक्ताचं नाही, पण आम्ही सगळे तिला खालाच म्हणतो. नवरा नाही, मूल नाही, गुडघे गेलेले. गेल्या वर्षी तिचा अर्ज मी भरून दिला. मी एका शाळेत लेखनिक आहे, अर्ज भरण्यात माझा हात बसलेला. एका कचेरीतून अर्ज परत आला. कारण काय, तर रेशनकार्डावर तिच्या नावापुढं ‘बी’ आहे आणि आधारकार्डावर ‘बेगम’. दोन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र केलं. मग अंगठ्याचे ठसे उमटेनात. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी घासलेल्या बोटांवर रेषा राहतील कशा? मग उत्पन्नाचा दाखला जुना झाला. अशा चार खेपा झाल्या. दर वेळी रिक्षा करून, खालाला दोन्हीकडून धरून. त्या चार खेपांचं अंतर मी एकदा मनात मोजलं, ते दहा मैलांच्या पुष्कळ वर गेलं. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता. खालाला त्यानं स्वतःची खुर्ची दिली बसायला. त्याच्या यंत्रात ‘बी’ आणि ‘बेगम’ जुळत नव्हतं, एवढंच.

मी हे चिडून घरी सांगितलं, तर अम्मा म्हणाली, ‘माझं नाव तर मस्टरवर नुसतं मुलाणीबाई होतं. तेवढ्यावर पगार मिळायचा.’ तेव्हा मुकादम तिला तोंडावरून ओळखायचा.

या महिन्यात मी पगाराची चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. अम्माला अक्षर वाचता येत नाही, पण आकडे येतात. तिनं कापलेल्या रकमांवर बोट ठेवून विचारलं, ‘हे दोनशे कशाचे?’

मी म्हटलं, ‘हा व्यवसाय कर. दर महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. रोजगार हमीसाठी म्हणून हा सुरू झाला. तू खडी फोडलीस ना, तसल्या कामांसाठी.’

ती थोडा वेळ चिठ्ठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘दोनशेची किती ब्रास खडी व्हायची रे तेव्हा?’

मी खरोखरच कागद-पेन घेऊन हिशेबाला बसलो. तिनं चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात घातली.

‘ते राहू दे,’ म्हणाली. ‘खालाच्या कागदाचं बघ आधी.’

सोमवारी आमची पाचवी खेप आहे.